अप्पांची नागीण आणि पॉझिटिव्ह आलेला रिपोर्ट

पेशंट म्हणजे माझे वडील. वय ६७, एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलं, आता रिटायर, कराडजवळ गावी भाऊ-वहिनीसोबत राहतात. शुगर १४ वर्षांपासून, गोळ्या वेळेवर आणि गोडही वेळेवर. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते, बी सेल टी सेल, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दोन जातींच्या पांढऱ्या पेशी, बारावीच्या पोरांना दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते, दोन गोल, एकातून वाय आकाराच्या अँटीबॉडी बाहेर पडतायत आणि दुसरा गोल तिसऱ्याच गोलाला मारतोय. इतकी वर्षं शिकवून मलाही ते पाठच झालं होतं, कळलं मात्र गेल्या पावसाळ्यात, अप्पांच्या बरगडीवर. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

सुरुवात रविवारी झाली. डाव्या छातीत, बरगडीच्या खाली, आतून काहीतरी जळतंय म्हणाले. डावी बाजू म्हटल्यावर भावाचे हातपाय गार, लगेच गाडी काढून एका हॉस्पिटलात नेलं, ईसीजी नॉर्मल. मग अ‍ॅसिडिटीची गोळी. सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांनी स्नायू आखडलाय म्हणून चोळायला जेल दिलं, आणि अप्पांनाही ते पटलं कारण त्यांच्या मते त्यांच्या अंगातल्या डाव्या बाजूच्या प्रत्येक दुखण्याचं मूळ म्हणजे खांद्यावरची तिकिटांची बॅग. मंगळवारी जेल लावायला गेलं तर हात लावू देईनात. बनियनचा कपडा नुसता घासला तरी चमक मारायची, आणि वरून बघावं तर कातडीवर काही म्हणजे काहीच नाही. हे काहीच नसणं नंतर महत्त्वाचं ठरलं.

बुधवारी रात्री वहिनीला पाठीवर, मणक्याच्या डाव्या बाजूला लाल चट्टा दिसला, त्यावर राईच्या दाण्याएवढे पाणी भरलेले फोड, द्राक्षाच्या घडासारखे खेटून बसलेले. गुरुवारी सकाळपर्यंत तोच पट्टा काखेखालून वळून पुढे छातीपर्यंत आला. आत्या शेजारच्याच गल्लीत राहते, ती बघायला आली आणि दारातूनच म्हणाली, "दादा, नागीण आहे ही." निदान तिनेच केलं हे मान्य करायला हवं, आधीच्या दोन डॉक्टरांच्या आधी. पण मग लगेच दुर्वा आणि तांदूळ वाटून लेप झाला, आणि घरात ती जुनी भीती पसरली की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना लागलं की माणूस जातो. अप्पा आरशासमोर उभे राहून दर तासाला ती कुठवर आली ते बघायला लागले.

शुक्रवारी सकाळी मी पोचले. त्वचेच्या डॉक्टरांनी शर्ट वर करायला सांगितला, दहा सेकंद बघितलं आणि विचारलं, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का. अप्पा म्हणाले आल्या होत्या, दुसरीत होतो, १९६५ साल असेल, आईने कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवलं होतं आणि पंधरा दिवस शाळा बुडाली म्हणून मी खूश होतो. डॉक्टर म्हणाले, बास, तेव्हाचाच आहे हा.

तेव्हाचाच म्हणजे अक्षरशः तेव्हाचा. कांजिण्या आणि नागीण या दोन्हींचा व्हायरस एकच, व्हॅरिसेला झोस्टर. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो अंगातून जात नाही. कातडीतल्या नर्व्हमधून मागे सरकत मणक्याशेजारी नर्व्हच्या पेशींच्या ज्या गाठी असतात, गँग्लिया म्हणतात त्यांना, तिथे जाऊन बसतो आणि नुसता डीएनए म्हणून पडून राहतो. अप्पांच्या बाबतीत ६० वर्षं. मग तो उठला की त्याच नर्व्हच्या वाटेने परत कातडीकडे निघतो, आणि वाटेत नर्व्हला सूज आणतो, म्हणून आधी तीन दिवस नुसतं जळत होतं आणि कातडी कोरी होती. ईसीजीमध्ये हे कुठून दिसणार.

आणि पट्टा का, तर मणक्यातून निघणारी प्रत्येक नर्व्ह अंगाची एकच बाजू आणि एकच पट्टी सांभाळते, इथे पाठीच्या मध्यापासून छातीच्या मध्यापर्यंत. मी आत्याला शर्ट वर करून दाखवलं, फोड छातीच्या मधल्या हाडाशी येऊन असे थांबले होते की पट्टी ठेवून रेघ मारावी, उजवीकडे एक नाही. डावी नर्व्ह डावीकडेच संपते, तोंड शेपटीला लागणार कसं. आत्या म्हणाली बघू. पण एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायला हवी, क्वचित नागीण खरंच एका पट्टीत राहत नाही, अंगभर उठते, कांजिण्यांसारखी, आणि ती केस गंभीरच असते. ते होतं केमोथेरपी चाललेल्या, ट्रान्सप्लांट झालेल्या किंवा एचआयव्ही बराच पुढे गेलेल्या माणसाला, म्हणजे ज्याच्या टी सेल आधीच कोसळल्यात त्याला. घाबरायचं ते त्याला.

आता रिपोर्टची गोष्ट. डॉक्टरांनी फक्त शुगर आणि क्रिएटिनिन सांगितलं होतं, किडनी बघूनच गोळीचा डोस ठरतो म्हणून. पण भावाने कुठल्याशा लॅबचं पॅकेज घेतलं आणि त्यात झोस्टर आयजीजी नावाची टेस्ट येऊन बसली होती, जिची काही गरज नव्हती. रविवारी रिपोर्ट आला, आयजीजी पॉझिटिव्ह, नॉर्मलपेक्षा कितीतरी वर. फॅमिली ग्रुपवर टाकल्याबरोबर चुलतभावाने काळजीचे हात जोडले, पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच असणार. मी लिहिलं, अरे आयजीजी म्हणजे अँटीबॉडी, कांजिण्यांच्या वेळी तयार झाल्या त्या अजून आहेत, चांगली गोष्ट आहे. यावर अप्पांनी पलंगावरूनच जो प्रश्न विचारला तो माझ्या एकाही विद्यार्थ्याने आजवर विचारला नाही. "अंगात एवढ्या अँटीबॉडी आहेत म्हणतेस, मग त्या काय करत होत्या?"

मी जरा गप्पच झाले, कारण आपण सगळे करोनापासून प्रतिकारशक्ती म्हणजे अँटीबॉडी असंच धरून चाललोय, टायटर, म्हणजे रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण, किती आलं, वाढलं का, उतरलं का. आणि इथे टायटर भरपूर असताना माणूस तडफडतोय.

तर १९६५ मध्ये काय झालं असेल ते आधी बघू. व्हायरस श्वासातून आत गेला, पुरळ उठायला दोनेक आठवडे लागले, आणि त्या काळात काखेतल्या मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये शोधाशोध चालू झाली. अंगात बी सेल कोट्यवधी, प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या आकाराची खाच, त्यातल्या ज्या मोजक्यांची खाच या व्हायरसच्या कवचाला बसली त्या वाढायला लागल्या. पण एकट्याने नाही, टी सेलमधली जी मदतनीस जात आहे, सीडी-४, तिने हो म्हटल्यावर. मग त्या बी सेल स्वतःच्या अँटीबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम बारीक बदल करत जातात, जी जास्त घट्ट चिकटते ती टिकते, बाकीच्या मरतात, आणि त्यातून शेवटी प्लाझ्मा सेल तयार होतात ज्या सेकंदाला हजारोंनी अँटीबॉडी सोडतात. आयजीजी अँटीबॉडी रक्तात निम्मी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे अप्पांच्या रिपोर्टमधल्या अँटीबॉडी काही १९६५ च्या नव्हत्या, हाडांच्या मगजात बसलेल्या प्लाझ्मा सेल त्या आजही ताज्या करतायत. हे मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं.

दुसरीकडे टी सेलमधली मारेकरी जात, सीडी-८. यांना व्हायरस दिसतच नाही. यांना दिसते फक्त आपली पेशी, आणि तिने बाहेर काय लावलंय ते. अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत जी काही प्रोटीन बनतायत त्यांचे तुकडे एमएचसी नावाच्या ताटलीत घालून बाहेर धरत असते, टी सेल येऊन ते चाचपते, ओळखीचा तुकडा असेल तर पुढे, परका असेल तर पर्फोरिन नावाच्या प्रोटीनने भोकं पाडून ग्रँझाइम नावाची मारक एन्झाइम आत सोडून ती अख्खी पेशी संपवते, आत बनत असलेल्या व्हायरससकट. टी सेल नुसत्या व्हायरसला ओळखत नाही, आपल्या ताटलीत वाढलेलाच ओळखते, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कॅनबेराला उंदरांवर दाखवलं, १९९६ चं नोबेल त्याचंच.

हे सगळं मी अप्पांना सांगायला लागले तर दोन वाक्यात त्यांनी थांबवलं आणि स्वतःच एसटीत बसवलं. म्हणाले, म्हणजे अँटीबॉडी हा दारातला कंडक्टर, बाहेरून चढणाऱ्याला अडवतो. आणि टी सेल म्हणजे चेकिंगवाले, मधेच गाडी थांबवून आत येतात आणि प्रत्येक सीटला तिकीट दाखव म्हणतात. बरोबर? मी म्हटलं एकदम बरोबर. "मग माझा तर डेपोतूनच सीटखाली झोपून आलेला, दारातल्याला कसा दिसणार." एवढं स्वच्छ मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, पुढच्या वर्षी सांगणार आहे.

अँटीबॉडी हे प्रोटीनचं मोठं धूड आहे, जिवंत पेशीच्या आत जाऊन व्हायरस पकडणं हे तिचं कामच नाही. रक्तात, लाळेत, दोन पेशींच्या मधल्या पाण्यात व्हायरस मोकळा सापडला तर त्याला चिकटून त्याचं दार बंद करते. आणि हा व्हायरस अंगात फार मोकळा फिरतच नाही, एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत सरकतो. त्यामुळे नर्व्हमधून कातडीपर्यंतच्या अख्ख्या प्रवासात अप्पांच्या त्या भरपूर आयजीजीला हात घालायला जागाच फार कमी होती. तिथे पहारा टी सेलचा. त्यातही गंमत अशी की नर्व्हची पेशी मारून चालत नाही, ती परत उगवत नाही, म्हणून तिथे टी सेल इंटरफेरॉन-गॅमासारखी द्रव्यं सोडून व्हायरसला दाबून धरतात असं दिसतं, आणि कातडीत पोचलेल्याला मात्र सरळ मारतात.

वय वाढतं तसं काय होतं, तर या व्हायरसच्या अँटीबॉडी फारशा उतरत नाहीत, याला ओळखणाऱ्या टी सेल मात्र उतरतात. नव्या टी सेल जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथी तर तरुणपणापासूनच आक्रसत आलेली असते. त्यात डायबेटिस. अप्पांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी टेस्ट, ९ च्या वर निघालं, त्याबद्दल घरात स्वतंत्र भांडण झालं ते इथे नको.

हे वयाचं गणित पहिल्यांदा नीट बसवलं ते कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेने नाही. इंग्लंडमध्ये सायरनसेस्टर नावाच्या गावी होप-सिम्पसन नावाचे साधे फॅमिली डॉक्टर होते, साडेतीन हजारांच्या आसपास त्यांचे पेशंट, १६ वर्षं त्यांनी प्रत्येक नागिणीची नोंद ठेवली, १९२ केसेस झाल्या. वय वाढेल तसं प्रमाण चढत जातं हे दिसलं आणि त्यावरून त्यांनी मांडलं की नागीण बाहेरून लागत नाही, आत झोपलेला कांजिण्यांचा व्हायरस प्रतिकारशक्ती एका रेषेखाली उतरली की उठतो. हा पेपर छापून आला १९६५ मध्ये, म्हणजे ज्या साली अप्पा इकडे पाल्यावर झोपून शाळा बुडाल्याचा आनंद घेत होते त्याच साली.

बी आणि टी यातलं नक्की कोण काय करतं हे वेगळं करून दाखवणारी माणसं निसर्गाने दुर्दैवाने तयार ठेवलीत. १९५२ साली अमेरिकेत ब्रुटन नावाच्या डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाची केस लिहिली, त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच नव्हतं, म्हणजे अँटीबॉडी नाहीत, आणि त्याला न्यूमोनियाच्या जंतूंचं इन्फेक्शन पुन्हापुन्हा व्हायचं. नंतर कळलं की अशा मुलांना बी सेलच तयार होत नाहीत. पण या मुलांना कांजिण्या आल्या तर सहसा चारचौघांसारख्या येतात आणि बऱ्या होतात, कारण टी सेल शाबूत. उलट ज्या मुलांना जन्मतः टी सेल नाहीत त्यांना कांजिण्या जिवावर बेततात. म्हणून बी सेल बिनकामाच्या असं कोणी समजू नये. बी सेल नसलेल्या त्याच मुलांना पोलिओचे तोंडातले थेंबसुद्धा धोक्याचे असतात, कारण त्यातला जिवंत व्हायरस आतड्यात राहतो आणि त्याला आवरायला अँटीबॉडी लागतातच. व्हायरस कुठे आहे, कसा फिरतो, यावर कोणाची ड्यूटी ते ठरतं.

आणि आमच्या घरात बी सेलचं कामही त्याच आठवड्यात समोर आलं. भावाची मुलगी दहा महिन्यांची, दिवसभर आजोबांच्या मांडीवर. नागिणीच्या फोडातल्या पाण्यात जिवंत व्हायरस असतो आणि ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत त्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात, नागीण नाही, कांजिण्या. हे बुडापेस्टच्या बोकाय नावाच्या डॉक्टरांनी १८९२ मध्येच बघितलं होतं, घरात मोठ्याला नागीण आणि मागोमाग पोरांना कांजिण्या. वहिनीला लहानपणी कांजिण्या झालेल्या, त्यामुळे तिची आयजीजी गरोदरपणात नाळेतून बाळाकडे गेली असणार, पण ती उसनी. बाळाच्या स्वतःच्या प्लाझ्मा सेल ती बनवत नाहीत, काही महिन्यांत संपत जाते, दहाव्या महिन्यात तिच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. लस आपल्याकडे सरकारी यादीत नाही, बालरोगतज्ज्ञ १५ महिन्यांच्या पुढे पहिली देतात, तिला अवकाश होता. मग वहिनी बाळाला घेऊन विट्याला माहेरी गेली, अप्पांचे फोड गॉजने झाकले, आणि आम्ही २१ दिवस मोजत बसलो कारण कांजिण्या उठायला १० ते २१ दिवस लागतात. सोळाव्या दिवशी वहिनीचा फोटो आला, बाळाच्या गालावर दोन लाल पुळ्या. ती रात्र कोणी झोपलं नाही. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं डास चावलाय.

अप्पांना व्हॅलासायक्लोव्हिर एक ग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा, सात दिवस. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलेली बरी असते, आम्ही छत्तीसेक तासांत पोचलो, लेपावर अजून दोन दिवस काढले असते तर गेलीच होती ती वेळ. गोळीची युक्ती सुंदर आहे, ती व्हायरसच्याच एन्झाइमने चालू होते त्यामुळे ज्या पेशीत व्हायरस नाही तिथे ती जवळजवळ काही करत नाही, मूळ औषध असायक्लोव्हिर, त्यामागच्या गरट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. पण गोळी फक्त नवे व्हायरस बनणं थांबवते. बाकीचं निस्तरणं टी सेलचंच. पाचव्या दिवशी अप्पांच्या डाव्या काखेत अवधाण आलं, लिंबाएवढं, दाबलं की दुखायचं, आत्या म्हणाली नागिणीचं विष उतरलं काखेत. मी म्हटलं उलट, तिथे सभा भरलीये, त्या पट्टीतले व्हायरसचे तुकडे तिथे नेऊन दाखवले जातायत आणि जुन्या टी सेल, बी सेल भराभर वाढतायत म्हणून ती फुगलीये. दहाव्या दिवशी खपल्या धरल्या, अवधाण हळूहळू बसलं.

दुखणं मात्र बसलं नाही. नर्व्हला जी इजा झाली ती झाली. तीन महिन्यांच्या पुढे राहिलं तर त्याला वेगळं नाव देतात, पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया, आणि अप्पांचं चौथ्या महिन्यापर्यंत चाललं. प्रीगॅबालिन या नर्व्हच्या दुखण्यावरच्या गोळीने गुंगी यायची, म्हणून दुपारची गोळी चुकवायचे आणि संध्याकाळी वहिनीवर ओरडायचे. पंख्याचं वारंसुद्धा त्या पट्टीला सहन होईना, शर्टाची डावी बाजू चिमटीत धरून अंगापासून लांब ठेवत घरभर फिरायचे. फोडांचं कौतुक सगळ्यांनी केलं, या चिमटीचं कोणी केलं नाही, खरा आजार तोच होता.

लसीचा विषय डॉक्टरांनीच काढला. नागिणीची लस भारतात २०२३ पासून मिळते, शिंग्रिक्स नाव. यात जिवंत व्हायरस नाही, त्याच्या अंगावरचं एकच प्रोटीन आहे, आणि सोबत एक असं मिश्रण की ज्याने प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते, रोख मुख्यतः सीडी-४ टी सेलवर. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. २०१५ च्या मोठ्या चाचणीत पन्नाशीच्या पुढच्या लोकांमध्ये ९७ टक्के परिणाम दिसला. याआधीची लस जिवंत व्हायरसची होती, पोरांच्या कांजिण्यांच्या लशीतलाच ताकद कमी केलेला व्हायरस, फक्त निदान १४ पट जास्त भरलेला. तेवढं करून परिणाम निम्म्याच्या आसपास, म्हाताऱ्या टी सेलना हलवणं किती अवघड असतं बघा. अप्पांना डॉक्टरांनी थोडं थांबायला सांगितलं, एकदा नागीण झाली की टी सेल तात्पुरत्या जाग्या झालेल्याच असतात, पण पुन्हा होतच नाही असं नाही. पहिला डोस मागच्या महिन्यात झाला. रात्री ताप आला, दंड दुखला, अप्पा म्हणाले चेकिंग स्टाफ ड्यूटीवर आलेला दिसतोय.

आत्या तेव्हा तिथेच बसली होती. लस पन्नाशीच्या पुढच्यांना म्हटल्यावर ती म्हणाली मला कशाला, मला कांजिण्या झाल्याच नाहीत कधी, माझ्या अंगात तो नाहीच. अप्पा उशीला टेकून बसले होते, ते उठून ताठ झाले. "झाल्या नाहीत? अगं तीन वर्षांची होतीस तू. माझ्यापासूनच लागल्या तुला. आईने एकाच पाल्यावर दोघांना झोपवलं होतं, आणि तू रात्रभर मला लाथा मारत होतीस."

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराने डाव्या बरगडीवर उगाचच खाजवलं आणि मला हळूच विचारलं, एका डोसला किती पडतात म्हणालीस.